आतली गोष्ट

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर असा एक काका असतोच. तुम्ही नुसतं म्हणा, "मे महिन्यात तारकर्लीला चाललोय." झालं! काका सरकत तुमच्याजवळ येतात आणि उद्यान गणेशाच्या देवळापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजतात, "आतली गोष्ट सांगतो, कुणाला बोलू नका. बार्बाडोसला पूर्व किनाऱ्यावर पाण्यात उतरायचं नाही. बॅथशेबाच्या लाटा भारी खुनशी. पोहायचं तर पश्चिमेला."

तारकर्लीत बार्बाडोस कुठून आलं, हे विचारायची सोय नाही.

एकदा लष्करी छापाची बर्म्युडा घातलेल्या एका मुलाला त्यांनी भर रस्त्यात अडवलं. "आतली गोष्ट. ही चड्डी त्रिनिदादला नेऊ नकोस. असले कपडे तिथे फक्त लष्कराने घालायचे. कायदाच आहे." तो बिचारा गोपी टँकला बांगडे आणायला निघाला होता.

पहिल्या पावसात आम्ही झाडाखाली धावलो, तर काकांनी हाताला धरून बाहेर ओढलं. का, तर कॅरिबियन किनाऱ्यावर मँचिनील नावाचं विषारी झाड असतं आणि पावसात त्याखाली उभं राहिलं की अंगावर फोड येतात. आमच्या डोक्यावर पर्जन्यवृक्ष होता. आम्ही चिंब भिजलो. फोड मात्र कुणालाच आले नाहीत, हे काकांनी आपल्या खात्यावर जमा केलं.

हनिमूनला निघालेल्या एका जोडप्याला तर त्यांनी भेळ खाताना गाठलं. "ती पांढरीशुभ्र वाळू दिसते ना फोटोत? आतली गोष्ट सांगतो. पॅरटफिश नावाचा मासा पोवळी कुरतडतो आणि मागून जे सोडतो, त्यातलीच ती बरीचशी." मुलीने भेळ खाली ठेवली.

मराकस बीचवर मोरीचा तळलेला तुकडा पावात घालून खावा, जून ते नोव्हेंबर वादळांचे म्हणून तिकडे फिरकू नये, अँटिग्वावाले आपल्याकडे ३६५ बीच आहेत असं सांगतात, तर लीप वर्षात काय करतात ते विचारावं... सगळं आतलं. दादर चौपाटी कट्ट्यापासून पाच मिनिटांवर. तिथे मात्र काका जात नाहीत. तिथली आतली गोष्ट जगजाहीर आहे.

नवल वेगळंच. ज्या कट्ट्यावर वाडेकर-सरदेसाईंचा १९७१चा दौरा अजून काल संपल्यासारखा बोलला जातो, तिथे वेस्ट इंडिजला प्रत्यक्ष जाऊन आलेला हा एकटा गडी क्रिकेटचं अवाक्षर काढत नाही. कुणी काढलंच, तर तळहातावरच्या दाण्यांची सालं फुंकत बसतो.

उलगडा काकूंनी केला. बँकेतून व्हीआरएस घेऊन, त्यातले पैसे मोडून काका २००७च्या वर्ल्ड कपला गेले होते. पोर्ट ऑफ स्पेनला आपण बांगलादेशकडून हरलो, मग श्रीलंकेकडून. सचिन शून्यावर त्रिफळाचित. पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळला. काकांच्या खिशात १५ एप्रिलचं, ब्रिजटाऊनचं तिकीट होतं. भारत-पाकिस्तान होईल या हिशेबाने काढलेलं. त्या दिवशी मैदानात उतरले बांगलादेश आणि आयर्लंड. परतीचं विमान बदलत नव्हतं. राहिलेले दिवस माणूस करणार काय? बीच बघत हिंडला. वाळू, झाडं, मासे, सगळं पाठ करून आला, म्हणजे घरी कुणी विचारलं तर सांगायला काहीतरी हवं.

तेव्हापासून काका भेटले की मी आपणहून विचारतो, "काका, टोबॅगोला काय बघावं?" अर्धा तास जातो. जाऊ दे.

२९ जून २०२४च्या रात्री त्याच ब्रिजटाऊनमध्ये आपण सात धावांनी टी-ट्वेंटीचा वर्ल्ड कप जिंकला. मध्यरात्रीच्या सुमारास सारं पार्क रस्त्यावर. काका कट्ट्यावर उभे, त्या वयात, चपलांसकट. मी सवयीने ओरडलो, "काका, तिथून जवळचा बीच कुठला हो?"

"बीच गेला खड्ड्यात!" काका खेकसले. "सूर्याचा कॅच बघितलास का?"