गप्प कोणी बसायचं?

दर जानेवारीत 18 ते 25 या तारखांना ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना-सप्ताह असतो. 1908 साली न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रेमूर इथे पॉल वॉटसन यांनी तो सुरू केला. या आठवड्यात व्यासपीठावरून हमखास एक उपदेश होतो: वाद टाळा, मंडळी फुटू देऊ नका. उपदेश खरा आहे, पण अर्धा. कोणता वाद टाळायचा आणि त्याची किंमत कोणी मोजायची, हे कोणी सांगत नाही.

केंटकीतलं मिडवे गाव घ्या. 1859 च्या सुमाराला तिथल्या मंडळीत गाणं फार बेसूर व्हायचं, म्हणून पाळक पिंकर्टन यांनी सूर धरायला मेलोडियन आणलं. आपल्या पायपेटीसारखं वाद्य. नव्या करारात उपासनेत वाद्य वाजवल्याचा दाखला नाही म्हणून ॲडम हिबलर नावाचे वडील भडकले. एका रात्री त्यांनी आपल्या गुलामाला, रूबेनला, खिडकीतून आत चढवलं आणि पेटी बाहेर काढून घरी नेली, असं त्या मंडळीच्या पंथाचे इतिहासकार सांगतात. पेटी देवाला चालत नाही याची हिबलरना खात्री होती. रूबेन चालत होता!

ही मंडळी साधीसुधी नव्हे, ऐक्यासाठीच जन्मलेल्या चळवळीतली. 1804 साली केन रिज इथे सहा पाळकांनी आपल्याच प्रिस्बिटरीचं, म्हणजे पाळकांच्या प्रादेशिक मंडळाचं, मृत्युपत्र लिहून ती विसर्जित केली. विश्वासणाऱ्यांनी एक व्हावं, ही त्यामागची तळमळ. 1832 मध्ये लेक्सिंग्टनला स्टोन आणि कॅम्पबेल या दोन पुढाऱ्यांचे अनुयायी एकत्र आले. आणि 1906 च्या धार्मिक जनगणनेत त्याच चळवळीची नोंद दोन वेगळे पंथ म्हणून झाली. कारणं आणखीही होती, यादवी युद्धाची कटुता होतीच. पण पेटीचं भांडण त्यात अग्रभागी होतं. असा वाद सोडून द्यायलाच हवा. वाजवा, नाहीतर नुसत्या गळ्याने गा. कोणाचंही पोट मारलं जात नाही.

आता मेथडिस्ट. 1844 मध्ये जॉर्जियाचे बिशप जेम्स अँड्र्यू गुलामांचे मालक आहेत यावरून चर्च उत्तर-दक्षिण असं उभं फुटलं. तो वाद करायलाच हवा होता, आणि मला वाटतं तो फार उशिरा झाला. पुढे 1939 मध्ये कॅन्सस सिटीत उत्तर-दक्षिण पुन्हा एक झाले. टाळ्या झाल्या, स्तोत्रं झाली. पण त्या ऐक्याची अट काय होती? गोऱ्यांच्या मंडळ्यांचे प्रदेशवार पाच विभाग, आणि कृष्णवर्णीयांच्या मंडळ्यांचा रंगावरून एक निराळा, सेंट्रल ज्युरिस्डिक्शन. 1936 च्या मतदानात उत्तरेकडच्या चर्चच्या 47 कृष्णवर्णीय प्रतिनिधींपैकी 36 जणांनी विरोधात मत दिलं, 11 तटस्थ राहिले. बाजूने एकही नाही. ज्यांच्या मानेवर हे ऐक्य उभं राहिलं त्यांनी स्पष्ट नाही म्हटलं होतं, तरी ते झालं. ती भिंत कायद्याने पडायला 1968 उजाडलं.

2019 ते 2023 मध्ये त्याच चर्चमधून समलैंगिकांचा विवाह आणि पाळकपद यांवरून साडेसात हजारांहून जास्त मंडळ्या बाहेर पडल्या. तिथेही मी पहिला प्रश्न हाच विचारीन: ज्यांच्याविषयी हा वाद आहे, त्यांना बोलू दिलं का?

पौलाचं नाव घेऊन गप्प बसवणाऱ्यांनी पौल पुरता वाचावा. तीताला त्याने वंशावळींवरचे निरर्थक वाद टाळायला सांगितलं. पण अंत्युखियात परराष्ट्रीयांच्या पंगतीतून पेत्र उठला, तेव्हा याच पौलाने त्याला सगळ्यांदेखत खडसावलं. वंशावळींवरचा वाद सोडता येतो. पंगतीतून माणूस उठवला जात असेल तर नाही.

आपल्या पंडिता रमाबाईंना हे नेमकं कळलं होतं. इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी धर्ममतांवर पत्रांतून खंबीरपणे वाद घालत राहिल्या. 1886 साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला आल्या आणि अमेरिकेत राहून बालविधवांच्या शाळेसाठी पाठबळ उभं करू लागल्या. डिसेंबर 1887 मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल युनिटेरियन, म्हणजे त्रैक्य न मानणारे. उपाध्यक्षांत एपिस्कोपल फिलिप्स ब्रुक्स, काँग्रिगेशनल जॉर्ज गॉर्डन, मेथडिस्ट फ्रान्सिस विलर्ड. याच त्रैक्यावरून न्यू इंग्लंडमधल्या मंडळ्या त्याच शतकात दुभंगल्या होत्या. तरी ही माणसं एका संस्थेत आली आणि मतं न बदलता शाळेला दहा वर्षं मदत द्यायचं त्यांनी कबूल केलं. त्या पैशावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं.