दाजींच्या गाडीचं सोवळं

दाजींची एमजीबी 1972 ची. घेतली तेव्हा तिच्या तळाच्या पत्र्यातून रस्ता दिसायचा. ताई म्हणाली, "हवेशीर आहे." दाजी राहतात ऑक्सफर्डजवळ आणि ही गाडी जिथे 1962 पासून 1980 पर्यंत बनत होती ते अ‍ॅबिंग्डन तिथून जवळच. त्यामुळे नुसता स्क्रू पाहून गाडीचं साल सांगणारे म्हातारे शनिवारी सकाळी न बोलावता उगवतात.

या मंडळींचं सोवळं पाहून आमची आजीसुद्धा ओशाळली असती. गंजलेला पत्रा कापून नवा वेल्ड केला, चालतं. दरवाजे नवे, बॉनेट नवं, चालतं. फार कशाला, 1988 पासून जुन्याच डायांवर ठोकलेली अख्खी कोरी बॉडी विकत मिळते, तीही चालते. रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-एट इंजिन? कारखान्याने 1973 मध्ये स्वतःच जीटी मॉडेलमध्ये ते घातलं होतं, म्हणजे शास्त्राला धरून आहे. पण दाजींनी डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, तेव्हा एका आजोबांनी हातातला चहा न पिता खाली ठेवला. अख्खं अंग बदललं तरी गाडी जुनीच. बोटभर पॉइंट काढले की बाटली!

बॅटरीचंही तेच. कारखान्याने सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटांमागे, खाली दडवल्या होत्या. रस्त्यावरचं पाणी तिथे सहज पोहोचतं, माणसाचा हात पोहोचत नाही. दाजींनी बारा व्होल्टची एकच बॅटरी लावली. रिकाम्या झालेल्या खणात ताईने छत्री ठेवली. उघड्या गाडीत इंग्लंडच्या हवेला तोंड देताना या सगळ्या खटाटोपात तेवढीच एक सुधारणा उपयोगी पडली, असं माझं मत आहे.

1974 च्या अखेरीपासून अमेरिकेच्या नियमांपायी या गाडीला काळे रबरी बंपर आले, उंचीही थोडी वाढली. असल्या गाड्यांना मेळाव्यात पंक्तीला घेतात, पण शेवटच्या. दाजींची क्रोमवाली. त्यामुळे इग्निशनवरून स्वतः वाळीत पडलेले दाजी रबरीवाल्यांशी मात्र अंतर राखून बोलतात.

मी गेलो त्या शनिवारी बॉनेट उघडं होतं, भोवती सगळे आजोबा. मी आत डोकावलो आणि तोंडून निघून गेलं, "दाजी, हे तर आपल्या अम्बॅसडरचं इंजिन!"

सगळे गप्प. दाजींनी पाना पुसायला घेतला.

पण खोटं काय होतं त्यात? दोघींचं घराणं एकच, बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी-सिरीज. अम्बॅसडरचं 1489 सीसी, एमजीबीचं 1798. आणि एमजीबीच्या आधीच्या एमजीएला तर 1955 साली थेट 1489 सीसीचंच इंजिन होतं. ज्या इंजिनावर साहेब गळ्यात मफलर टाकून रविवारी वारा खायला निघायचा, त्याच्या सख्ख्या भावाने आमच्याकडे नऊ माणसं, दोन गाद्या आणि कैऱ्यांचं पोतं घेऊन खंबाटकीचा घाट चढून दाखवला. हे सगळं मी जमेल तेवढ्या इंग्रजीत सांगितलं. कैऱ्या सांगताना जरा अडलो.

चहा न पिणाऱ्या आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्याकडे याचे पार्ट काय भावाने मिळतात?"