चुकलं कोणाचं?

नानांच्या स्कूटरला हॉर्न आहे, पण नाना तो वापरत नाहीत. त्यांच्या मते हॉर्न सगळ्यांना सारखाच ओरडतो, माणूस पाहून बोलत नाही. त्यापेक्षा त्यांचा "ओऽऽ" अचूक. आखूड 'ओ' म्हणजे कोणीतरी इंडिकेटर न देता वळलं. लांब 'ओ' म्हणजे डावीकडून घुसलं. आणि 'ओ'च्या शेपटाला 'साहेब' लागलं, की मी मागच्या सीटवरून उतरून घेतो, कारण आता स्कूटर स्टँडवर लागणार असते.

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. नोकरीभर 'पाणी अडवा, पाणी जिरवा' केलं. निवृत्तीनंतर कार्यक्रम तोच आहे, फक्त आता गाडी अडवतात आणि चालकाची जिरवतात.

नाना तापट आहेत, असं मात्र घरी कोणी म्हणणार नाही. आमटी खारट झाली तर निमूट भात वाढवून घेतात. बँकेतल्या माणसाने "उद्या या" म्हटलं, तर "बरं" म्हणून उद्या जातात. पण स्कूटरला किक बसली की त्या आवाजासरशी त्यांच्यातला न्यायाधीश उठून बसतो. पुण्यात पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. नानांचं फक्त कामकाज पद्धतशीर असतं.

त्यांनी आजवर कोणाला शिवी दिलेली नाही. शिवीने भांडण लवकर संपतं, असं त्यांचं मत. ते प्रश्न विचारतात. "लायसन परीक्षा देऊन मिळालं, की दिवाळीची भेट?" "इंडिकेटर गाडीबरोबर येतो, की त्याचे वेगळे पैसे पडतात?" बाकीचं जग "रस्ता काय बापाचा आहे का?" असं विचारतं. नाना म्हणतात, "हा रस्ता आपल्या तीर्थरूपांनी बांधला का?" समोरचा तीर्थरूप म्हणजे काय या विचारात पडतो आणि तेवढ्यात नाना पुढच्या प्रश्नाला हात घालतात.

प्रश्न संपले की कलम. बेदरकारपणे वाहन चालवल्याबद्दलचं भारतीय दंड संहितेचं कलम 279 हे नानांचं ब्रह्मास्त्र. 1860 सालच्या कायद्यातलं, आजोबांच्या काळातलं खणखणीत कलम. पण 1 जुलै 2024 पासून न्याय संहिता आली आणि त्याच गुन्ह्याला 281 क्रमांक मिळाला. नानांना तो पावसाळा फार जड गेला. तीस वर्षांची वळलेली जीभ "दोनशे एकोण... नाही, एक्याऐंशी" असं चाचपडायची आणि तोवर सिग्नल हिरवा होऊन आरोपी पसार. "सरकारने चालकांना दोन आकड्यांची सूट दिली," असं ते अजून म्हणतात.

नानांची मतं मात्र वाहनागणिक बदलतात. स्कूटरवर असले, की मोटारीतला माणूस माजलेला: "एकटा बसतो आणि चौघांची जागा अडवतो!" रविवारी मुलाची मोटार काढून वहिनींना चतुःशृंगीला नेतात, तेव्हा दुचाकीवाले म्हणजे मुंग्या: "फट दिसली की शिरले!" आणि सकाळी पर्वतीला पायी निघाले, की चाक असलेली प्रत्येक गोष्ट त्यांना गुन्हेगार वाटते, त्यात लहान मुलाची बाबागाडीही आली. वहिनी एकदा म्हणाल्या, "तुम्ही तिघं एकदा एकाच चौकात भेटा आणि मिटवून टाका."

आता तुम्ही विचाराल, नाना स्वतः कसे चालवतात? जंगली महाराज रस्त्याने जायचं आणि फर्ग्युसन रस्त्याने यायचं, हे पुण्यातलं शेंबडं पोरही जाणतं. पण नानांना हवं असलेलं दुकान नेमकं वीस पावलं मागे राहतं. मग ते इंजिन बंद करतात आणि सीटवर बसूनच पायाने जमीन ढकलत उलटे येतात. कोणी हटकलं तर उत्तर तयार असतं: "इंजिन बंद आहे. या क्षणी मी पादचारी आहे."

हेल्मेटचंही तसंच. मोटार वाहन कायदा 1988, कलम 129, त्यांना तोंडपाठ. हेल्मेट मात्र डाव्या कोपरात. इतर पुणेकर मान, केस, उकाडा अशी कारणं देतात. नानांचं कारण प्रामाणिक आहे: "आवाज आतच घुमतो हो. भांडण आपलं आपल्यालाच ऐकू येतं."

अशा या नानांवर गेल्या महिन्यात नळ स्टॉपला आघात झाला. एक मोटार इंडिकेटर न देता वळली. "ओऽऽ साहेब!" मी उतरलो. स्कूटर स्टँडवर लागली. नानांनी बोटाच्या पेराने काचेवर टकटक केली. काच खाली आली आणि आतला तरुण म्हणाला, "काका, चुकलं माझं. लक्ष नव्हतं. तुम्हाला लागलं नाही ना?"

नाना गप्प. लायसनचा प्रश्न तयार होता, तीर्थरूप तयार होते, 281 सुद्धा नीट पाठ होतं. याची मात्र तरतूद नव्हती. "अं... नाही," एवढंच म्हणून ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मागचे सगळे हॉर्न या खेपेला नानांसाठी होते.

घरी आल्यावर चहावर साय धरली तरी कप उचलेनात. "असं कसं म्हणाला हो तो?" दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाले, "मला जमेल का हो तसं म्हणायला?"

संधी लगेच आली. नातीने वाढदिवसाला तोंडही झाकणारं हेल्मेट दिलं होतं आणि पट्टा स्वतः आवळला होता. फर्ग्युसन रस्त्यावर नाना नेहमीसारखे उलटे निघाले, तेही इंजिन चालू ठेवून. समोरून ओढणीने चेहरा गुंडाळलेल्या मुलीने कचकन ब्रेक लावला. "ओ आजोबा!"

नानांनी छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "चुकलं माझं."

हेल्मेटने नेमका 'माझं'मधला 'मा' खाल्ला.

"तुझं? उलटे तुम्ही आलात आणि वर मलाच अरे-तुरे?"

"तुझं नव्हे हो, माझं!"

"बघा, परत तुझं म्हणालात!"

मी उतरलो. स्कूटर स्टँडवर लागली. नानांनी पट्टा सोडला, हेल्मेट काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची चूक सिद्ध करायला कंबर कसली. मुलगी ऐकेना. गर्दी जमली. बसवाल्याने हॉर्न धरला, तसा नानांनी त्याच्याकडे वळून हात वर केला:

"दोन मिनिटं थांबा हो! चूक माझीच आहे, पण ह्या मान्य करत नाहीत!"