ताणकरांचं कुंपण

दर तालुक्याला एक तहसीलदार, एक गटविकास अधिकारी आणि निदान एक ताणकर असतो. पहिल्या दोघांची बदली होते. ताणकर निवृत्त होऊनच आलेले असल्यामुळे त्यांची बदली कोणाच्या बापाला करता येत नाही.

ताणकर हे नाव आपल्या सोयीचं. खरं आडनाव काहीही असू शकतं. पिंपरीकडच्या कारखान्यात नाहीतर एखाद्या सरकारी खात्यात हयात गेलेली, खिशाला दोन पेनं, एक टेस्टर आणि सहा इंची पोलादी पट्टी, फलटण-माणच्या बाजूला घेतलेली दीड एकर जमीन, एवढ्यावर माणूस ओळखू येतो. जमिनीवर काय करायचं तेही ठरलेलं असतं: अर्धबंदिस्त शेळीपालन. म्हणजे रात्री शेळ्या गोठ्यात आणि दिवसा जाळीने वेढलेल्या मोकळ्या जागेत. फलटणच्या निंबकर संस्थेत चक्कर झालेली असते, उस्मानाबादी आणि संगमनेरी यांतला फरक वहीत उतरवलेला असतो. गोठ्याचे पत्रे येतात, गव्हाणी येतात, जाळीची भेंडोळीही येऊन पडतात. घोडं अडतं ते पुढे. जाळी ताणायची खरी, पण ताणताना ती धरायची कशाने?

आमच्याकडचे ताणकर त्यातल्या त्यात नमुनेदार, म्हणून त्यांचीच हकीकत सांगतो.

चारचौघांना हा प्रश्न पडत नाही. चारचौघं मिस्त्रीला बोलावतात. मिस्त्रीजवळ पहार, पक्कड, थोडी बाइंडिंग तार आणि दोन गडी असतात. तो जाळीच्या शेवटच्या घरांतून एक सळई ओवतो, सळईला मधोमध दोर बांधतो, दोर गड्यांच्या हातात देतो आणि स्वतः तंबाखू मळता मळता "हां, वढा" म्हणतो. गडी कमी पडले तर ट्रॅक्टर आहेच. दिवस मावळायच्या आत कुंपण उभं, हिशेब चुकता, मिस्त्री पसार. पहिल्या पावसाळ्यात जाळीला झोळ पडतो, दुसऱ्यात कोपऱ्याचा खांब आत वाकतो आणि मालक म्हणतो, "चालायचंच."

"चालायचंच" ऐकलं की ताणकरांच्या कपाळावरची शीर उभी राहते. मग ते समोरच्याला शास्त्र समजावतात, आणि तेही त्याच्याच अंगावर. सदऱ्याचं टोक दोन बोटांत धरून ओढतात. "बघा, सुरकुत्या कुठे पडल्या? मधे ताण, वर-खाली ढिलं. जाळीचंही तेच. मधे एक दोर बांधला की मधली घरं ताणली जातात, खालची कड लोंबत राहते. आणि शेळी कुठून निघते? खालून." मग सदऱ्याची सबंध कड तळहातात धरून ओढतात. सुरकुत्या नाहीशा होतात. तेवढ्यात एखादं बटणही नाहीसं होतं, पण मुद्दा पटतो.

खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं चुकीचं नसतं. हीच त्यांच्या घरच्यांची पंचाईत आहे. चुकीच्या माणसाशी भांडता तरी येतं.

बाजारपेठेतल्या हार्डवेअरवाल्याने ही पंचाईत सगळ्यांत जास्त भोगली आहे. वरच्या पदरासाठी साधी तार हवी म्हणून ताणकर गेले. "बारा गेज दाखवा." दुकानदाराने भेंडोळं पुढे ढकललं. ताणकरांनी पिशवीतून व्हर्नियर काढला, तारेवर लावला, चश्मा कपाळावर चढवून वाचला.

"ही बारा नाही. बारा म्हणजे २.६४ मिलिमीटर. ही अडीचच्या आत आहे."

"बारा-तेरा समजा ना साहेब."

"तेरा म्हणजे २.३४. ही तेराही नाही."

"मग साडेबाराच्या भावाने लावतो," दुकानदार म्हणाला. माझ्या मते हा तोडगा वाईट नव्हता. पण ताणकर तोवर क्लॅम्पवर घसरले होते. "तार धरायचा क्लॅम्प आहे?" काउंटरवर एकेक वस्तू येत गेली: होज क्लॅम्प, सी क्लॅम्प, यू बोल्ट, डी शॅकल, टर्नबकल. प्रत्येक वस्तू ताणकरांनी हातात घेतली, उलटसुलट केली, तिची योग्यता तिला समजावून सांगितली आणि परत ठेवली. मागे अर्धा किलो चुका घ्यायला आलेला सुतार चहा पिऊन परत आला, तरी त्याचा नंबर लागला नव्हता.

मग वायरमनचा शोध सुरू झाला. विजेच्या तारा ओढायला वायरमन लोक कम-अलाँग वापरतात. त्याची गंमत अशी की जितकं ओढाल तितका त्याचा जबडा घट्ट मिटतो. ताणकरांनी तो एक रात्र घरी आणला आणि टीपॉयवर ठेवून त्याच्याकडे बघत बसले. सकाळी निकाल लागला: नापास. हा जबडा तारेला चावतो. चावला की वरचा जस्ताचा थर खरवडला जातो आणि तार गंजायला सुरुवात तिथूनच होते. शिवाय तो एका वेळी एकच तार धरतो, आणि जाळीला आडव्या तारा नऊ.

पुढचा उमेदवार समांतर जबड्याचा. हा चावत नाही, सपाट दाबून धरतो. पण काटेरी तारेवर नेमका काटा मधे येतो, आणि हाय टेन्साइल तार इतकी कडक की तिच्यावरून तो सटकतो. सटकलेली तार परत येताना कोणाचा डोळा आणि कोणाचा गाल हे बघत नाही. त्यामुळे ताणकरांनी क्लॅम्पच्या आधी सहा गॉगल घेतले. गॉगल लावलेला मिस्त्री बघायला शाळेची पोरं आली होती.

रात्री जेवणानंतर मोबाइलवर परदेशी कुंपणांचे व्हिडिओ. तिथे त्यांना न्यूझीलंडचे अर्नेस्ट हेज भेटले. ओटागो प्रांतात ओटुरेहुआ नावाच्या आडगावी या गृहस्थाने १८९५ मध्ये कारखाना काढला. साखळीवर खटक्या-खटक्याने सरकणारी त्यांची तार ताणायची ओढणी पुढे देशोदेशी गेली. कारखाना आजही जपून ठेवला आहे. हेजबाई म्हणजे हॅना सायकलवरून गावोगाव हिंडून नवऱ्याच्या मालाच्या ऑर्डरी आणायच्या. ताणकरांनी हे सगळं काकूंना भारावून सांगितलं. काकूंनी ताटं उचलता उचलता विचारलं, "म्हणजे त्याने आधी वस्तू बनवली, मग बायकोने सायकल मारली, असंच ना? आपल्याकडे सायकल आहे. वस्तू कुठाय?"

उंटावरून शेळ्या हाकणारे आपल्याकडे पुष्कळ. शेळ्या घ्यायच्या आधी उंटाचं खोगीर निवडत बसणारा एक ताणकरच.

पण काकूंचं बोलणं लागलं असावं. दुसऱ्याच दिवशी ताणकर त्या चुकावाल्या सुताराकडे गेले. जाळीपेक्षा वीतभर उंच अशा दोन जाड सागवानी पट्ट्या, मधे जाळी, आणि आरपार बोल्ट. कल्पना एवढीच. घोळ भोकांचा होता. बोल्ट दोन आडव्या तारांच्या मधून गेला पाहिजे, तारेवर येता कामा नये, आणि या जाळीच्या तारा काही सारख्या अंतरावर नसतात. खाली करडू निसटू नये म्हणून जवळजवळ, वर लांबलांब. ताणकरांनी अंगणात जाळी अंथरून तिच्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि पेन्सिलीने खुणा करून भोकांचा कागद कापला. पट्ट्यांना आतून सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर चिकटवलं, जस्त खरवडू नये म्हणून. दोन्ही बाजूंनी वॉशर. वर एक कडी, खाली एक कडी, दोन्हींना साखळी-ओढण्या. सुताराने बिलावर लिहिलं "शिकंजा, १ नग". मिस्त्री त्याला साहेबाचा पाट म्हणू लागला. काकू काहीच म्हणाल्या नाहीत.

आता ताणायचं. पण कधी? मे महिन्याच्या उन्हात ताणलेली तार थंडीत आखडते. १०० मीटरची पोलादी तार २५ अंशांनी गार झाली तर सुमारे ३ सेंटीमीटर आखूड होऊ पाहते आणि तो सगळा ओढा कोपऱ्याच्या खांबावर येतो. मिस्त्रीने हे शांतपणे ऐकून घेतलं. "तीन सेंटीमीटरनं शेळी जातीया व्हय, साहेब?" त्याने विचारलं. ताणकरांनी डिसेंबरातली एक सकाळ ठरवली आणि थर्मामीटर घेऊन आले.

कोपऱ्याचे खांब आधीच पक्के करून घेतले होते. तीन फूट खोल, काँक्रीट, आणि ओढ्याच्या दिशेने तिरकी कैची. पट्ट्या आवळल्या. एका ओढणीवर मिस्त्री, दुसरीवर गडी. ताणकर मधे उभे राहून वाद्यवृंदाला दिल्यासारखे हात देत होते. वर दोन खटके, खाली दोन खटके. पुन्हा वर दोन. भेंडोळ्यातली जाळी जमिनीवरून उठली, थरथरली, सरळ झाली. या जाळीच्या आडव्या तारांना मुद्दाम लहान लहान मुरडी दिलेल्या असतात. थंडी-ऊन आणि शेळीचा धक्का त्या गिळतात. त्या अर्ध्या उलगडल्या की थांबायचं. पुरत्या सरळ केल्या तर तार ताणली नाही, मारली असं समजायचं. ताणकर गुडघ्यावर बसून खांबाखांबापाशी एकेक मुरड भिंगातून बघत गेले. "बस्स!" असा आवाज आला तेव्हा मिस्त्रीच्या हातातली तंबाखू तशीच होती. मळायची राहून गेली होती.

तो जाळीच्या कडेकडेने शेवटच्या खांबापर्यंत चालत गेला. तळहात वरच्या तारेवरून फिरवत होता. परत येताना खालच्या तारेला पायाच्या अंगठ्याने ढोसून बघितलं. "नाद न्हाई," एवढंच बोलला. आणि जाताना बिदागीपेक्षा पाटाबद्दलच जास्त विचारत होता. तेव्हापासून तो पाट तालुकाभर फिरतो. भाडं नाही, पण ताणकरांची वही आहे. नेणाऱ्याने सही करायची, परत देताना बोल्ट मोजून द्यायचे, आणि ट्रॅक्टर जोडणार नाही अशी शपथ घ्यायची. एका बागायतदाराने जोडला. त्याचं नाव वहीत लाल शाईने आहे.

एवढं करून कुंपणाला फाटक नव्हतं. फाटकाची चौकट तयार आहे, बिजागऱ्यांचा निर्णय व्हायचा आहे: उचलून काढता येणाऱ्या की पत्र्यात जडवलेल्या, आणि चौकट लोंबली तर दुरुस्त करायला आट्यांची जागा कुठे. तोवर ती चौकट खांबाला सुतळीने बांधली आहे. शेळ्याही आल्या नाहीत. फाटकाशिवाय शेळ्या आणणं ताणकरांच्या तत्त्वात बसत नाही.

पुढच्या पावसाळ्यात आत गुडघाभर गवत माजलं. बाहेर शेजारच्या आजींच्या चार शेळ्या जाळीवर पुढचे पाय टाकून आत बघत उभ्या. काकूंनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी सुतळी सोडली. आजींशी ठराव झाला: चराई फुकट, लेंडीखत काकूंच्या शेवग्याला. ताणकर तालुक्याला बिजागऱ्या बघायला गेले होते. संध्याकाळी आले तर चारही शेळ्या आत, आणि त्यांतली काळी आता आतल्या बाजूने जाळीवर पाय टाकून बाहेरच्या सुबाभळीकडे मान लांबवत होती.

"आजी, ती काळी जाळीवर चढते. झोळ पडेल."

आजींनी शेळीकडे बघितलं, मग जाळीला एक हिसका देऊन बघितला. जाळी हलली नाही.

"तिचं काय चुकतंय व्हय, साहेब? दुसऱ्याच्या कुंपनाला पाय लावला की डुगडुगतंय. तुमी लई झ्याक वढलीया. पाय टेकाया बरं पडतं तिला."