असे प्रतिपादन प्राचार्यांनी केले

महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकात नुसते कोणी बोलत नाही. प्राचार्य प्रतिपादन करतात, प्रमुख पाहुणे उद्गार काढतात, संस्थेचे सचिव ग्वाही देतात आणि विभागप्रमुख खंत व्यक्त करतात. सूत्रसंचालन करणारी मुलगी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ बोललेली असते, पण तिच्या वाट्याला अर्धी ओळ येते. आभार मानणाऱ्याची पाळी येईपर्यंत जागाच संपते.

या सगळ्यांच्या तोंडी दुहेरी अवतरणचिन्हांत जी वाक्ये असतात, ती त्यांनी उच्चारलेली असतातच असे नाही. हुशार वार्ताहर बातमी आदल्या रात्रीच लिहून ठेवतो. नावे निमंत्रणपत्रिकेवरून मिळतात, विषय फलकावरून, आणि विचार गेल्या वर्षीच्या अंकातून. कार्यक्रमाला जायचे ते फक्त अध्यक्ष आले की नाही हे बघायला.

राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे हिवाळी शिबिर घ्या. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घातला जातो आणि समारोपाला सरपंच दोन शब्द बोलतात. समजा, ते म्हणाले, “पोरांनी झटून काम केलं, त्याबद्दल दुमत नाही. पण मागच्या बंधाऱ्याच्या गोण्या उंदरांनी कुरतडल्या आणि पाणी निघून गेलं, तेवढं औंदा बघा.” भित्तिपत्रकावर काय येते? “युवाशक्ती हीच राष्ट्राची खरी संपत्ती,” असे गौरवोद्गार सरपंचांनी काढले. उंदीर गेले, गोण्या गेल्या, पाणीही गेले. उरली ती युवाशक्ती, आणि तिच्याविषयी सरपंचांनी चकार शब्द काढला नव्हता.

शाळेत हा नियम सगळ्यांनी घोकलेला असतो. बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे द्यायचे तर दुहेरी अवतरणचिन्ह. एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असेल तर एकेरी. पाच मार्कांचा प्रश्न, पाचही मार्क मिळालेले. पण परीक्षेत ‘जसेच्या तसे’ म्हणजे नक्की कसे, हे कोणी विचारत नाही.

एकेरी चिन्हाची कथा आणखी न्यारी. वृत्तपत्रांत संक्षेपाला प्रत्यय जोडताना ते वापरायची पद्धत आहे: ‘एसटी’ने, ‘नॅक’च्या समितीने. मुलांना वाटते, महत्त्वाच्या शब्दाला ते घालायचेच असते. मग बातमी येते की प्रमुख पाहुण्यांनी ‘मोलाचे’ मार्गदर्शन केले, कार्यक्रम ‘वेळेवर’ सुरू झाला आणि उपस्थितांना ‘रुचकर’ भोजन देण्यात आले. लिहिणाऱ्याच्या मनात पाप नसते. वाचणारा मात्र पोट धरून हसतो, आणि भोजनाचे कंत्राट घेणारा संपादकाला शोधत फिरतो. मराठी माणसाला उपरोध कळायला दोन उभ्या रेघा पुरतात.

ही चिन्हे आपल्याकडे आणली ती साहेबाने. मोडी लिपीत दोन शब्दांमध्येसुद्धा जागा सोडायची रीत नव्हती, तिथे अवतरणचिन्हांचे लाड कोण करणार? मेजर थॉमस कँडी हे मोल्सवर्थच्या कोशाचे सहकारी, पुण्यात सरकारी महाविद्यालयाचे प्रमुख. त्यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक काढले आणि मराठी वाक्यात स्वल्पविरामाची शिस्त आणली. लष्करी माणूस, कवायत त्याला आवडणारच. मात्र स्वल्पविराम अवतरणचिन्हाच्या आत उभा करायचा की बाहेर, ही कवायत अजून चालू आहे. दोन्ही प्रकार छापून येतात, आणि कँटीनमध्ये यावरून झालेली भांडणे परीक्षेच्या वेळापत्रकावरून झालेल्या भांडणांपेक्षा जास्त टिकतात.

चिन्हे नसली तर मात्र मराठीत भलतेच होते. आपल्या ‘की’नंतरही बोलणाऱ्याचा ‘मी’ तसाच राहतो. ‘प्राचार्य म्हणाले की माझ्या केबिनचे छत गळते’ या वाक्यात केबिन कोणाची? भित्तिपत्रक लावणाऱ्या मुलाला ग्रंथालयात धड खुर्ची मिळत नाही, त्यामुळे तिथे घोटाळा होत नाही. पण ‘प्राध्यापक म्हणाले की मी कॉपी करताना पाहिले’ असे लिहिले, तर चौकशी समिती कोणावर नेमायची?

त्यातून संगणक. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये अवतरणचिन्हाच्या कळीवर अर्धा ‘श’ आणि अर्धा ‘ष’ बसलेले असतात. सवयीने ती कळ दाबली की प्राचार्यांचे भाषण अर्ध्या ष ने सुरू होते आणि अर्ध्या ष नेच संपते. मुद्रितशोधन करणारा मुलगा ते भाषणाचाच भाग समजून सोडून देतो. त्याचेही चुकत नाही. एरवीही भाषणातले फारसे काही कळलेले नसते.

हयात नसलेल्यांचे हाल तर विचारू नयेत. संपादकीयाची सुरुवात थोरामोठ्यांच्या वचनाने करायची, आणि वचन आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर आलेले. तळाशी कलाम, नाहीतर आइन्स्टाइन. उठायला, जागे व्हायला सांगणारे ते प्रसिद्ध वचन दरवर्षी विवेकानंदांच्या नावावर लागते. त्यांनी ते घरोघरी पोहोचवले हे खरेच, पण मूळ आहे ते कठोपनिषदात.

दुसऱ्याचे शब्द छापणे हा पोरखेळ नव्हे, याचा दाखला घरचाच आहे. जून १८९७ मध्ये ‘केसरी’ने शिवराज्याभिषेक उत्सवातल्या भाषणांचा वृत्तान्त छापला, आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी शब्द घातलेली एक कविताही. कवितेखाली टिळकांचे नाव नव्हते, वृत्तान्तात इतरांचीही भाषणे होती. तरी राजद्रोहाच्या खटल्यात १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली ती संपादकाला. पत्रकारितेच्या वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरचे मोबाइल दोन मिनिटे खाली जातात.

अवतरणात फेरफार किती करावा, यावर अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालयही बोलून गेले आहे. ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाने आपल्या तोंडी न बोललेली वाक्ये घातली, अशी मॅसन नावाच्या मानसविश्लेषकाची तक्रार होती. १९९१ मध्ये न्यायालय म्हणाले, प्रत्येक बदललेला शब्द म्हणजे खोटेपणा नव्हे. अर्थच पालटला तर मात्र प्रकरण गंभीर. म्हणजे ‘अं’, ‘हे आपलं’ आणि ‘काय म्हणतात ते’ काढून टाकायला हरकत नाही.

आपल्याकडे ही साफसफाई माणूस बघून होते. कँटीनचे मामा बोलले की त्यांचे “लई महागाई झालीया, परवडंना” हे अगदी अनुस्वारासकट छापले जाते. त्याला मातीचा गंध वगैरे म्हणतात. प्राचार्यही त्याच तालुक्यातले, तेही चिडले की त्याच बोलीत चिडतात. पण त्यांचे “गेट लावा रं, ह्यास्नी आत सोडू नगा” छापताना “विद्यार्थ्यांनी वेळेचे महत्त्व जाणावे” असे होते. ही नुसती विरामचिन्हांची चूक नाही, सरळसरळ पक्षपात आहे. बोली ठेवायची तर दोघांचीही ठेवा, नाहीतर मामांनाही प्रतिपादन करू द्या.

तेव्हा भित्तिपत्रकांच्या संपादकांना एक विनंती. येत्या ६ जानेवारीच्या, पत्रकार दिनाच्या अंकात निदान एक तरी अवतरण प्राचार्य जसे बोलले तसेच छापून पाहा. मात्र आधी ते त्यांना वाचून दाखवा. ७५ टक्के हजेरीच्या कागदावर शेवटची सही त्यांचीच असते.