आगोटीची बेगमी आणि पॅकेज मॅनेजरची निवड

पायथनचा पॅकेज मॅनेजर निवडताना आधी बाजू ठरवावी आणि मग कारणं शोधावीत, असा शहरी प्रघात आहे. जोयडा तालुक्यात तो परवडत नाही. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात वाड्या विखुरलेल्या, गणेशगुडीच्या 101 मीटर उंच सुपा धरणावर वीज तयार होते, आणि कित्येक वाड्यांत रेंजसाठी मात्र चढण चढावी लागते. म्हणून इच्छुकांनी एकच कसोटी लावावी: नेट गेल्यावर हे साधन काय करतं? आगोटीपूर्वी घरात मीठ-मिरची, सुकी मासळी भरून ठेवतात, त्याच बेताने प्रोजेक्टची बेगमी करायची.

यूव्ही हे पायथनची पॅकेजं बसवणारं साधन फेब्रुवारी 2024 मध्ये आलं, ते रस्ट भाषेत लिहिलेलं आहे, नेहमीच्या पिपपेक्षा कैक पटींनी चपळ आहे, सगळं कबूल. पण पायटॉर्चसारखं शेकडो एमबींचं पॅकेज उतरवताना वेळ खातं ते नेटवर्क. तिथे रस्टनेही ताटकळतच बसायचं. यूव्ही घ्यावं ते लॉक फाइलसाठी. यादीत नुसतं 'पांडाज' लिहून मोकळं होणाऱ्याला मृगात एक आवृत्ती मिळते, दिवाळीत दुसरी. लॉक फाइलीत नेमकी आवृत्ती आणि प्रत्येक फाइलीचा हॅश असतो. 'एवढा संशय कशाला, पॅकेज कुठे पळून जातंय?' असं कुणी म्हणेल. मार्च 2016 मध्ये 'लेफ्ट-पॅड' हे 11 ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज-भांडारातून काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड अडले. शिवाय सुपा हे जुनं ठाणंच जिथे धरणाच्या पाण्याखाली गेलं, त्या तालुक्याला मूळ पत्त्यावर माल कायम मिळेल, असं कुणी समजावू नये.

मात्र लॉक फाइल म्हणजे यादी. माल अजून यायचाय. यूव्हीकडून ती यादी एक्स्पोर्ट करून घ्यावी, दांडेलीला नेट सापडलं की 'पिप डाउनलोड'ने व्हील फाइली, म्हणजे बांधून तयार पॅकेजं, पेन ड्राइव्हवर उतरवाव्यात आणि घरी 'नो-इंडेक्स' लावून तिथूनच इन्स्टॉल कराव्यात. अतिहुशार मंडळी प्रोजेक्टच्या व्हेनव्हीचा, म्हणजे पॅकेजं बसवलेल्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा, अख्खा फोल्डरच उचलून आणतात. त्याच्या स्क्रिप्टांत मूळ मशीनचे पूर्ण पाथ लिहिलेले असतात, त्यामुळे दुसरीकडे तो बहुधा रुसून बसतो. व्हीलच्या नावाची शेपटीही वाचावी: 'सीपी311' म्हणजे पायथन 3.11, 'विन_एएमडी64' म्हणजे 64 बिटी विंडोज. लिनक्सवाल्या मित्राच्या लॅपटॉपवर डोळे झाकून उतरवलेला नमपाय घरच्या विंडोजवर चढत नाही.

राहिला कोंडा हा दुसरा पॅकेज मॅनेजर. जंगलाच्या नकाशांसाठी जीडाल लागत असेल तर तो खुशाल घ्यावा, कारण पायथनबाहेरच्या लायब्ररीही तो सोबत आणतो, आणि एकदा उतरवलेली पॅकेजं साठवूनही ठेवतो. 200 हून अधिक माणसांच्या कंपनीला अ‍ॅनाकोंडाच्या स्वतःच्या चॅनेलसाठी पैसे मोजावे लागतात, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. जोयड्यात तेवढी मोठी सॉफ्टवेअर कंपनी निघेपर्यंत तो तहकूब ठेवावा. तोवर कोंडा-फोर्ज फुकट आहेच.