मोडेमची घाई

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांत मोठी खरेदी दोन भाषांत होते. हौस मराठीत सांगायची आणि हिशेब गुजरातीत करायचा. नव्वदच्या दशकात आमच्या शेजारी मोडेमची खरेदीही तशीच झाली. तिथल्या काकांचा पुतण्या कलाभवनात शिकत होता. सयाजीरावांनी 1890 मध्ये काढलेलं कलाभवन, आता विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा. 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं आणि विद्यार्थ्यांना 500 रुपयांत शेल खातं मिळू लागलं. शेल म्हणजे नुसती अक्षरं. चित्रं नाहीत, माउस नाही. पत्रांसाठी पाइन, भटकंतीसाठी लिंक्स. घरात मोडेम सेकंदाला 2400 बिटचा होता, पुतण्याला हवा होता 28800 चा.

"काका, हा फार रखडतो हो."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तू टाइप किती वेगानं करतोस?"

प्रश्न खोचक, पण रास्त. एक अक्षर पाठवायला सुरुवातीची नि शेवटची खूण धरून 10 बिट लागतात. म्हणजे 2400 चा मोडेम सेकंदाला 240 अक्षरं नेतो. मिनिटाला 40 शब्द बडवणाऱ्याची होतात सेकंदाला तीन-चार. वाचणारा फार तर वीस-पंचवीस वाचतो. पंगतीत वाढपी कितीही धावला, तरी जेवणाऱ्याचा घास तेवढाच.

पुतण्याचंही खोटं नव्हतं. पत्र मिटून यादीवर आलं की सबंध स्क्रीन नव्यानं भरायची. 80 अक्षरांच्या 24 ओळी, एकूण 1,920 अक्षरं. 2400 वर आठ सेकंद. ओळीमागून ओळ उतरत असताना माणूस चहा ढवळतो आणि आपण काय शोधत होतो तेच विसरतो. 9600 वर हेच काम दोन सेकंदांत होतं, विसरायला सवड मिळत नाही. 28800 वर सेकंदसुद्धा लागत नाही. पण तो वाचलेला सेकंद घेऊन करायचं काय?

"फोनचं बिल वाचेल की!" पुतण्यानं हुकमाचं पान टाकलं.

फाइल उतरवायची असेल तर वाचतंच. पण टर्मिनलवर माणूस दोन शब्द लिहितो, एक खोडतो, छताकडे बघतो. तेवढ्या वेळातही फोनच्या बिलाचे पल्स पडतच असत. विचार भरभर करून देणारा मोडेम तेव्हा निघाला नव्हता, अजूनही निघालेला नाही. काकांचा उपाय फुकटचा होता: पत्र आधी कागदावर लिहून काढ, मग फोन लाव. काकूंचाही एक होता. त्या बाहेरच्या खोलीतला रिसीव्हर उचलत, स्क्रीनवर कंस आणि फुल्यांचा सडा पडे आणि बिल तिथल्या तिथे थांबे.

आणखी एक गोम होती. कळ दाबली की अक्षर दूरच्या संगणकापर्यंत जाऊन परत येतं आणि मगच स्क्रीनवर दिसतं. नव्या मोडेममध्ये चुका दुरुस्त करायची आणि मजकूर आवळून पाठवायची सोय असे, त्यासाठी तो अक्षरं थोडी अडवून धरी. त्यामुळे महागाच्या मोडेमवरही अक्षर अंमळ उशिराच उमटे. सौदा शेवटी 9600 वर पटला आणि दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटलं.

आता त्याच गल्लीत फायबर आलंय. पोरं रात्री अमेरिकेतल्या सर्व्हरवर काम करतात आणि शंभर एमबीपीएसचा प्लॅन सोडून तीनशेचा घ्यावा का, असं विचारतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. अमेरिकेचा पूर्व किनारा सरळ रेषेतही बाराएक हजार किलोमीटर दूर. म्हणजे अक्षराला जाऊन यायला सेकंदाचा आठवा भाग तरी हवाच, आणि केबल वळणं घेत जाते म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. कुठल्याही प्लॅननं हे अंतर घटत नाही.

तेव्हा काम नुसतं टर्मिनलचं असेल तर एमबीपीएस विचारू नका, पिंग, म्हणजे जाऊन यायचा वेळ, विचारा. स्वस्तातला प्लॅन घ्या आणि फरकाच्या पैशांची सेवउसळ खा.